उसनी उत्कर्षा

शर्मिला उबाळे बाईंना कोणी वाईट म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर आधी पूर्ण ऐकायचं आणि मग म्हणायचं. अर्धं ऐकून तोंड उघडणारे बिबवेवाडीत आधीच पुष्कळ आहेत, त्यात अजून एकाची भर नको.

बाई तिसरीच्या वर्गाच्या. शाळा महापालिकेची, दुपारची. इमारत एक आणि शाळा दोन, सकाळी वेगळी भरते, दुपारी वेगळी. बाकं तीच, फळे तेच, नळाला पाणी नसतं तेही तेच, फक्त गेटवर बोर्ड दोन आणि मुख्याध्यापक दोन. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं असली की जसं होतं तसंच इथं. वाटीभर साखर द्यायची, वाटीभर साखर घ्यायची. सकाळवाल्यांचा माइक दुपारवाले नेणार, दुपारवाल्यांचा पृथ्वीचा गोल सकाळवाले नेणार आणि परत देताना त्याचा दांडा मोडलेला असणार. सगळी उसनवारी. त्यात कोणाला काही वाटायचं नाही. पुढं पुढं पोरंसुद्धा उसनी द्यायला लागले, तेव्हाही कोणाला काही वाटलं नाही. हीच तर गोष्ट आहे.

बाई ह्याच भागातल्या. वडील सीताराम, मार्केट यार्डात हमाल. गुळाच्या ढेपा वाहून वाहून त्यांची मान एका बाजूला कललेली, ती आजपण तशीच आहे. दुपारी हमालांची टोळी डबे उघडून बसली की कोणीतरी म्हणायचं, "सीताराम, तुझ्या पोरीला लाव की पेपर वाचायला." मग शाळेतून आलेली छोटी शर्मिला पोत्यांच्या थप्पीवर बसून पेपर वाचायची. खून, मोर्चे, पाऊसपाणी, बाजारभाव, काही सोडायची नाही. अडखळली की हमाल ओरडायचे, "गाडी बंद पडली, धक्का मारा!" हसायचे, पण थांबायचे. पोरगी शब्द सोडवेपर्यंत घास हातात धरून थांबायचे. सीतारामच्या घरात भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब आणि त्याखाली पोरीचं डी.एड.चं सर्टिफिकेट, फ्रेम करून. सुरुवातीला लोणी काळभोरला एका खाजगी शाळेत नाममात्र पगारावर दिवस काढले, मग महापालिकेत लागल्या. त्या दिवशी सीतारामनं अख्ख्या टोळीला भेळ घातली होती.

तर अशा ह्या बाई. वाचायला शिकणं म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. कोणीतरी आपल्यासाठी थांबलं होतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच पुढं जे झालं ते त्यांना जास्त लागलं.

वर्गात एक पोरगी होती. उत्कर्षा नागोराव मुटकुळे. माणसं वाशीमकडची, रिसोडच्या पलीकडच्या गावातली. बाप नागोराव गवंडी. आई द्वारका सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जायची. उत्कर्षा म्हणजे नुसती बडबड. एकदा ऐकलेली गोष्ट हातवारे करून तशीच्या तशी सांगणार, वाघाचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा. तोंडी हिशोबात कोणाला ऐकायची नाही. पण पुस्तक उघडलं की खलास. अक्षरं म्हणे जागेवर बसायचीच नाहीत. म बघता बघता भ व्हायचा, घ चा ध व्हायचा. पाटीवर चुकलं की थुंकी लावून घासघासून पुसायची, कोणी बघायच्या आत. नंतर नंतर पाटीच काढेना.

बाईंनी काय केलं? वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात शहाबादी फरशी आहे, काळी, गुळगुळीत. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की बाई आणि उत्कर्षा तिथं मांडी घालून बसायच्या. मधे पाण्याचा तांब्या. बोट बुडवायचं, फरशीवर शब्द काढायचा, वाळायच्या आत वाचायचा. चुकलं तर चुकलं. वर पंखा फिरतोय, शब्द गेला उडून. कोणी बघितला नाही, कोणी लाल पेन मारला नाही. पोरीच्या अंगातली भीती तिथं जरा सैल पडली. नळ आला. घर आलं. एके दिवशी तिनं 'चटई' वाचलं. एकदम नाही, च म्हणून थांबली, ट म्हणून थांबली, आणि मग तिचं तोंडच उघडं राहिलं. "बाई, चटई! चटईच आहे ना ही?" आणि वर्गभर पळत सुटली. त्या दिवशी बाईंनी घरी नवऱ्याला, रणजितला, तीन वेळा तेच सांगितलं. तो म्हणाला, "कळलं. चटई. आता जेवायला वाढता का?"

आणि मग आदेश आला.

आदेश तसे रोज यायचे. फोनवर ग्रुप, ग्रुपवर मेसेज, मेसेजच्या शेवटी 'आजच्या आज'. खिचडीचा फोटो आजच्या आज. झाडाचा फोटो आजच्या आज. पोरं वाचताना फोटो आजच्या आज. वर्गातला राकेश तर बाईंनी फोन काढला की पुस्तक तोंडापुढं धरायचा आणि विचारायचा, "झाला का फोटो? ठेवू का खाली?" पण हा आदेश वेगळा होता. प्रत्येक पोराला वाचता येतं का, ते ॲपवर भरायचं. पोराच्या नावापुढं बाईंचं नाव. मग बाहेरचे अधिकारी येऊन पडताळणी करणार. ज्या शाळेची पोरं वाचतील ती शाळा हिरवी, मधली पिवळी, आणि नाही वाचली किंवा एकाही पोराची खोटी नोंद निघाली तर लाल. लाल म्हणजे नोटीस. लाल शाळेत पट कमी असेल तर शाळा दुसरीकडं जोडणार. जोडणार म्हणजे बंद, सरळ बोलायचं तर.

हेतू वाईट नव्हता. पोरांना वाचता आलंच पाहिजे, कोण नाही म्हणतंय? पण बैलाला रोज तराजूवर उभा केला म्हणून बैल जाड होत नाही, त्याला वैरण लागते. इथं वैरणीची वेळच तराजूनं खाल्ली.

मच्छिंद्र दरेकर सर, दुपारचे मुख्याध्यापक. माणूस खत्रुड पण शाळेसाठी जीव टाकणारा. सगळ्या शिक्षकांना बोलावून म्हणाले, "आपली शाळा म्हणजे पेशंट आहे. साहेब बीपी बघायला येतायत. आजार बरा व्हायला वेळ नाही, गोळी घेऊनच बसायचं."

"म्हणजे काय सर?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे पोरांचे तीन ढीग करा. येणारे, काठावरचे आणि बुडालेले. येणाऱ्यांना सोडा. काठावरच्यांना ओढून वर घ्या. बुडालेल्यांकडं सध्या बघू नका."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

"बाई, आपल्याला पोहता येतं म्हणून समुद्रात उभं राहून प्रश्न विचारू नका. काठावरचे घ्या."

उत्कर्षा बुडालेल्यांत होती.

मग वर्गात दुसरं काही उरलंच नाही. उतारे, उतारे, उतारे. 'आमच्या गावात एक जुनी विहीर होती.' शाळा भरली की विहीर, मधल्या सुट्टीनंतर विहीर, पीटीच्या तासाला विहीर. चित्रकला बंद, गाणी बंद, गोष्टी तर नावालाही नाहीत. राकेश म्हणाला, "बाई, आता त्या विहिरीत मीच उडी मारतो." सगळे हसले, बाईपण हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, "पुढची ओळ वाच."

मधली सुट्टी काठावरच्या पोरांना गेली. उत्कर्षा खिचडी खाऊन रोज तांब्या भरून मागच्या कोपऱ्यात ठेवायची आणि शेजारी बसायची. बाई म्हणायच्या, "उद्या हं." ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी परत तांब्या. "उद्या हं, बाळा." शेवटी ते पाणी इतर पोरंच पिऊन टाकायची. एक दिवस तांब्या आला नाही. बाईंना ते दिसलं. दिसलं आणि खरं सांगायचं तर जरा हलकं वाटलं. ती गोष्ट त्यांनी नंतर कोणाला सांगितली नाही, पण ती त्यांना फार दिवस आतून कुरतडत होती. पोरगी वाट बघायची थांबली, आणि आपल्याला बरं वाटलं.

पडताळणीच्या आदल्या दिवशी दरेकर सरांनी बाईंना बोलावलं. "उद्या तुमच्या वर्गातल्या काही पोरांना ताप येणार आहे."

"सगळ्यांना एकदम?"

"साथ आहे. बुडालेल्यांना धरते." सर हसत नव्हते. "पट कमी दिसायला नको. सकाळच्या मॅडमशी बोललोय, त्यांची वाचणारी येतील. मागच्या महिन्यात त्यांच्याकडं तपासणी होती तेव्हा आपण दिली होती की. आता परतफेड."

बाई नाही म्हणाल्या असत्या तर? म्हणता आलं असतं. पण शाळा लाल झाली तर ही सगळी पोरं कुठं जाणार, हे डोळ्यापुढं आलं. मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत? द्वारकासारख्या बाया त्यांना सोडायला कधी जाणार? असं सगळं मनात घोळवून बाई गप्प राहिल्या. आणि स्वतःची नोकरीपण डोळ्यापुढं आली, तेही खोटं नाही.

शाळा सुटताना त्यांनी गेटपाशी उत्कर्षाला बाजूला घेतलं. "उद्या येऊ नको. घरीच राहा."

"का बाई?"

"मोठे साहेब येतात. आणि हे घरी सांगायचं नाही. कोणालाच नाही. कळलं तर आपली शाळा बंद करतील."

पोरीनं असं बघितलं की जणू बाईंनी तिला वर्गाची मॉनिटर केलं. "नाही सांगणार बाई. मेले तरी नाही."

दुसऱ्या दिवशी पडताळणीला भाग्यश्री मॅडम आल्या. तशा सरळ बाई. दमलेल्या, हातात टॅब, दुपारभरात अजून शाळा उरकायच्या होत्या. वर्ग चकाचक. बाकावर सकाळची पोरं, आंघोळ परत घातल्यासारखी. मॅडमनी नावं पुकारायला सुरुवात केली.

"उत्कर्षा नागोराव मुटकुळे."

"हजर!"

उभी राहिली पायल. सकाळच्या शाळेतली, लाल रिबीन, वाचायला एक्स्प्रेस. मॅडमनी नवीन उतारा पुढं केला आणि पायलनं तो कुठंही न थांबता वाचून टाकला, वर पूर्णविरामाला श्वास पण घेतला.

"शाब्बास उत्कर्षा! टाळ्या वाजवा रे हिच्यासाठी."

टाळ्या झाल्या. आणि बाईंना मागून एक टाळी उशिरा ऐकू आली. त्यांनी वळून बघितलं. मागच्या खिडकीच्या गजातून दोन हात आत आले होते. उत्कर्षा. पाठीला दप्तर. आई कामावर गेली, बाप कामावर गेला, घरी एकटी करमेना म्हणून आली असेल, किंवा साहेब बघायला आली असेल, कोणाला माहीत. आत आली नाही. सांगितलं होतं ना, येऊ नको. गजातून हात घालून टाळ्या वाजवत होती. उत्कर्षाला शाब्बास म्हणाले म्हणून.

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, "बाई, चांगली मेहनत घेतलीत आपण." आणि बाई म्हणाल्या, "थँक्यू मॅडम." आलं तोंडातून. जीभ कशी वळली, देव जाणे.

पुढच्या दिवशी हजेरी घेताना बाईंनी नेहमीसारखं नाव घेतलं. "उत्कर्षा मुटकुळे."

काही आवाज नाही. पोरगी समोर बसलेली.

"अगं, हजर म्हण की."

"कुठली, बाई?"

आगाऊपणा नव्हता. खरंच विचारत होती. दोन आहेत ना आता, एक वाचणारी आणि एक ही. तर कुठलीला बोलावताय? पोरं खदाखदा हसली. बाईंनी मान खाली घालून हजेरी लावली. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

शाळा हिरवी झाली. पेढे आले, फोटो निघाले, आजच्या आज ग्रुपवर पडले. आईबापांच्या फोनवर मेसेज गेले, आपल्या पाल्याला उत्तम वाचता येते. द्वारका पण पेढे घेऊन आली. पोळ्या करून आलेली, हाताला पीठ तसंच. "बाई, आमच्या घरात पयली पोट्टी वाचणारी. मले तर अंगठा येते फक्त. सगळ्या गल्लीत वाटले पेढे. घ्या न बाई, एक घ्या, तोंड गोड करा."

बाईंनी पेढा घेतला. खाल्ला पण.

मधे बाईंनी एक प्रयत्न केला. वाचायला अडणाऱ्या पोरांसाठी एक विशेष शिक्षिका दर आठवड्याला दुसऱ्या एका शाळेत बसायच्या. डोळे, कान, अक्षरं उलटी दिसतात का, सगळं तपासायच्या, वेगळ्या पद्धतीनं शिकवायच्या. बाईंनी फोन लावून उत्कर्षाचं नाव सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, ही तर उतारा वाचते. यादीत फक्त न वाचणारी घेतो आम्ही. चुकून दुसरीचं नाव सांगताय का?" बाईंनी फोन ठेवला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि द्वारका परत आली. ह्या वेळी पेढे नव्हते. उत्कर्षाला हाताला धरून वर्गाच्या दारात उभी केली.

"बाई, तुमीच सांगा हिले. गावाकडं गेलो होतो दिवाळीले. हिच्या बापानं भावकीत सांगून ठेवलं, माही पोरगी वाचते म्हणून. चुलत दिराच्या लग्नाची पत्रिका आलती, ते हिच्या हातात दिली. सगळे बसलेले. वाच म्हणलं. तं ही तोंड शिवून उभी! लोक हासले. बापाचं डोकं फिरलं, दिली एक ठेवून. तरी नाई बोलली. सरकार म्हणते येते, बाई म्हणते येते, मंग हे घरी काहून नाटकं करते?"

बाईंनी उत्कर्षाकडं बघितलं. पोरगी सरळ त्यांच्याकडंच बघत होती. डोळ्यात रडू नव्हतं. जणू म्हणत होती, बघा बाई, नाही सांगितलं मी.

"आता तो म्हणते," द्वारकाचा आवाज उतरला, "शिकून माजली. तिले गावाले ठेवू आजीपाशी, शेरडं राखीन. परीक्षा झाली का नेऊन सोडतो म्हणते. तुमी समजावा न बाई. तुमचं ऐकते ते."

हा क्षण होता. तोंड उघडायचं आणि सांगून टाकायचं. बाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "मी बघते. वाचेल ती. हळूहळू वाचेल."

ज्यांना बाईंना शिव्या द्यायच्या असतील त्यांनी इथं द्याव्यात. पडताळणीच्या दिवशी त्यांच्यावर सरकार होतं, साहेब होते, अख्खी शाळा होती. इथं समोर पिठाच्या हाताची एक आई होती फक्त. बाईंनी स्वतःला ह्याच्यासाठी जास्त शिव्या दिल्यात, तुम्ही काय देणार.

संध्याकाळी त्या वडिलांकडं गेल्या. सीताराम टीव्हीपुढं मान कलती करून बसलेला. बाईंनी सगळं सांगितलं, पायल, खिडकी, पत्रिका, सगळं. वाटलं होतं, हा माणूस म्हणेल, जा पोरी, खरं सांग. पोत्यावर बसवून पेपर वाचायला लावणारा बाप आहे.

सीतारामनं टीव्हीचा आवाज कमी केला. "कोणाला बोललीस का?"

"नाही."

"मग बोलू नको. गप राहा. नोकरी सांभाळ."

"बाबा, त्या पोरीला बापानं मारलं."

"मी ढेपा कशासाठी वाहिल्या गं? तू नोटीस घ्यावी म्हणून?" म्हाताऱ्यानं टीव्ही बंदच केला. "लोक म्हणतील, ह्यांना नोकऱ्या दिल्या की हे असं करतात. दुसऱ्या कोणाला नाही म्हणत, आपल्याला म्हणतात. तुला माहीत नाही का?"

बाईंना माहीत होतं. म्हणूनच रडू आलं. सांगितलं तर बापाच्या मानेची मेहनत मातीत, नाही सांगितलं तर पोरगी शेरडांमागं. कुठूनही गेलं तरी कोणाचा तरी गुन्हा. निघताना सीताराम दारापर्यंत आला, आणि फक्त म्हणाला, "ती पोरगी अडखळते म्हणजे, कशी अडखळते?" बाईंनी सांगितलं. त्यानं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

रविवारी बाई द्वारकाच्या खोलीवर गेल्या. नागोराव घरी होता, खाली बसून थापीला लागलेलं सिमेंट खरवडत होता. उत्कर्षा भांडी पुसत होती. बाईंना बघून द्वारकानं घाईनं चटई टाकली. बाई चटईवर बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या, बसल्या असत्या तर परत धीर झाला नसता.

"तुमच्या पोरीला वाचता येत नाही. ती नाटकं करत नव्हती. त्या दिवशी साहेबांपुढं तिच्या नावावर दुसरी पोरगी उभी होती. मी उभी केली होती. आणि हिला सांगितलं होतं, घरी बोलू नको."

नागोरावच्या हातातली थापी तशीच राहिली. मग त्यानं पोरीकडं बघितलं.

"मंग सांगितलं काहून नाई तुवं? मी मारत होतो तवा?"

"बाईंची शाळा बंद झाली असती," उत्कर्षा म्हणाली. भांडं पुसत पुसतच.

नागोराव उठून बाहेर गेला. बाहेर पायरीवर बसला, पाठ करून. त्याची पाठ हलत होती. द्वारका मात्र जागेवरच होती.

"मी गल्लीत पेढे वाटले, बाई. आता घरोघर जाऊन परत मांगू का?"

बाईंच्या डोळ्यातून पाणी आलं. "माझं चुकलं, द्वारकाबाई."

"रडू नका. तुमचं रडणं घेऊन मी काय करू? पोट्टीचं काय करता ते सांगा."

हे बरं झालं. कोणी समजूत काढली असती तर बाई तिथंच बसून राहिल्या असत्या.

सोमवारी त्यांनी दरेकर सरांच्या टेबलावर अर्ज ठेवला. पडताळणीला माझ्या वर्गात उत्कर्षा मुटकुळे आणि इतर न वाचणाऱ्या मुलांच्या जागी दुसरी मुलं मी बसवली, त्यांची परत पडताळणी करावी. सरांचं नाव नाही, सकाळच्या शाळेचं नाव नाही, पायलचं नाही. सगळं आपल्यावर.

सरांनी कागद उचलला, पहिली ओळ बघितली आणि खाली ठेवला. "हे असं एकटीच्या अंगावर कशाला घेताय?"

"पोरं माझ्या वर्गातली आहेत."

"आपण आम्हाला लाल करणार आता."

"हो सर."

सरांनी पेनाचं टोपण उघडलं, लावलं, परत उघडलं. मग कागदावर 'पुढे पाठवले' म्हणून सही केली. "मी हे वाचलेलं नाही. मला आज वाचता येत नाहीये." आणि कागद सरकवताना हळूच म्हणाले, "बुडालेल्यांत पहिला मी होतो, बाई. दुसरीपर्यंत. मला काही आठवत नाही असं समजू नका."

मग व्हायचं ते झालं. नोटीस आली. पगारवाढ थांबली. स्टाफरूममध्ये बाई आल्या की बोलणं बंद. एक जण ऐकू जाईल असं म्हणाली, "आल्या सत्याच्या पुतळ्या, जागा द्या, हात लावू नका." एका अर्थी तिचंही बरोबर होतं, तिचीही नोकरी ह्याच शाळेत. रणजित म्हणाला, "आधीच केलं असतंत तर पगारवाढ तरी वाचली असती." मग तोच सकाळी लवकर उठून त्यांना चहा करून द्यायला लागला. सीताराम महिनाभर बोलला नाही.

नागोरावनं पोरीला गावाला नेलं नाही. पण शाळेच्या गेटपर्यंत येऊनही बाईंना नमस्कार केला नाही. करावा असं बाईंना वाटतही नव्हतं.

भाग्यश्री मॅडम परत आल्या. ह्या वेळी चेहरा बंद. वर्गात शिरताच बाईंना म्हणाल्या, "त्या दिवशी मी कोणाला शाब्बास म्हटलं होतं, ते एकदा सांगाल का मला?" मॅडमनी टॅब उघडला.

"उत्कर्षा नागोराव मुटकुळे."

उत्कर्षा लगेच उठली नाही. आधी तिनं डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, मग दाराकडं. दुसरी कोणी उठतेय का. कोणी उठलं नाही. मग ती बाकाला धरून उभी राहिली.

"हजर."

मॅडमनी उतारा पुढं केला. तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. ओठ हलले, आवाज आला नाही. परत बोट ठेवलं. बाई कोपऱ्यात उभ्या, काही बोलायची परवानगी नाही. मागून राकेश हळूच म्हणाला, "गाडीला धक्का मारू का, बाई?" बाईंनी चमकून बघितलं, हा त्यांनीच कधीतरी वर्गात सांगितलेला हमालांचा किस्सा. कोणी हसलं नाही. सगळी पोरं थांबली. मॅडमही थांबल्या, घड्याळ न बघता.

"नळ," उत्कर्षा म्हणाली. खूप वेळानं, "घर." पुढं जमलं नाही. मॅडमनी टॅबवर खाली खाली जाऊन सगळ्यात खालच्या ओळीवर बोट दाबलं. शाळेवर लाल ठिपका आला, आणि पोरगी विशेष शिक्षिकेच्या यादीत गेली.

आता दर आठवड्याला द्वारका तिला घेऊन जाते. शाळेचं काय होणार, अजून ठरलेलं नाही. तांब्या परत मागच्या कोपऱ्यात आला, पण तो आता बाईंना भरून ठेवावा लागतो. पोरगी येते कधी, कधी येत नाही.

आणि रोज हजेरीला तिचं नाव घेतलं की ती आजपण आधी वर्गभर बघते, दुसरी कोणी उठतेय का. मग म्हणते, हजर. बाई तोवर पेन उचलून थांबतात. पुढचं नाव घेत नाहीत.